नाताळची तयारी आणि आगमनकाळ: डिसेंबरची आखणी

नाताळची तयारी आटोपशीर करा, असा सल्ला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी दिला जातो आणि दरवर्षी तो कानाआड होतो. फराळ, दारावरची चांदणी, मुलांचे नवे कपडे यांवाचून मिरज-सांगलीकडच्या ख्रिस्ती घरात सण आल्यासारखे वाटत नाही, आणि तसे वाटण्यात काही गैरही नाही. अडचण होते ती सगळी कामे 20 तारखेनंतर एकदम अंगावर येतात तेव्हा, कारण मग 24 च्या रात्रीच्या उपासनेला घरातली बाई डोळ्यांवर झोप घेऊनच बसते. म्हणून आखणी उलटीकडून करावी: 22 डिसेंबरनंतर तळणी, खरेदी आणि रंगकाम यांपैकी काहीही हाती घ्यायचे नाही, असे घरात आधी ठरवावे आणि त्या तारखेवरून मागे मोजत यावे.

25 डिसेंबरच्या आधीचे 4 रविवार म्हणजे आगमनकाळ. साफसफाई आणि कापडखरेदी पहिल्या रविवारच्या आत उरकावी. अनारसे करायचे असतील, तर तांदूळ पहिल्याच आठवड्यात भिजत घालावेत. 3 दिवस रोज पाणी बदलायचे, तांदूळ फडक्यावर पसरून ओलसर असतानाच कुटायचे, गूळ मिसळून पीठ काही दिवस मुरवायचे, ही कामे घाईने होत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या करंज्या टिकतात, म्हणून त्या तिसऱ्या आठवड्यात कराव्यात, पण एकटीने करू नयेत. शेजारच्या दोघी-तिघींना बोलवावे, पुरुषांना आणि मुलांना लाटायला बसवावे, लाट्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवाव्यात आणि कातणे फिरत असताना भजने म्हणावीत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक 1917 साली साताऱ्यात राहायला आले आणि तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभा केला. त्यांची मराठी वळणाची भजने स्वयंपाकघरात म्हणायला पेटीसुद्धा लागत नाही. केक बेकरीतून भाजून घ्यायचा असल्यास शेवटच्या आठवड्यातली रांग टाळावी.

वाचनासाठी बायबलमधले लूककृत शुभवर्तमान सर्वांत सोयीचे आहे, कारण त्याचे अध्याय 24 आहेत आणि 1 डिसेंबरपासून रोज एक घेतला, तर ते 24 तारखेला पूर्ण होते. यात एक खोच आहे: जन्माचा वृत्तांत दुसऱ्या अध्यायात असल्यामुळे तो 2 तारखेलाच वाचून होतो आणि 24 तारखेच्या वाट्याला पुनरुत्थान येते. माझ्या मते हा दोष नव्हे, कारण गव्हाणीतले बाळ पुढे कोण झाले हे कळल्यावरच जन्मकथा नीट समजते. 24 च्या संध्याकाळी दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या 20 ओव्या (वचने) पुन्हा वाचाव्यात. वाचन जेवणाआधी ठेवावे, कारण जेवणानंतर मुले पेंगतात आणि मोठी माणसे मोबाईल घेऊन बसतात.

त्या 20 ओव्यांमध्ये उतारशाळेत जागा न मिळालेले कुटुंब आहे आणि रानात रात्री कळप राखणारे मेंढपाळ आहेत. आपल्या भागात ही माणसे शोधायला दूर जावे लागत नाही. डिसेंबरात ऊसतोडीचा हंगाम भरात असतो, कारखान्यांच्या आसपास मजुरांच्या कोप्या पडलेल्या असतात आणि त्यांत तान्ही मुलेही असतात. माण-खटावकडच्या धनगरांची मेंढरे शेतांत बसवलेली असतात. फराळाचा एक डबा त्यांच्यासाठी सुरुवातीलाच वेगळा काढावा. उरलेसुरले देऊ नये, आणि नुसता डबा ठेवून परत फिरू नये. थंडीचे कपडे द्यायचे असल्यास मापे आधी विचारून घ्यावीत. मजूर पहाटेच फडावर जातात, तेव्हा भेटीला संध्याकाळ बरी.

पाहुण्यांकडे जाणेयेणे 26 नंतरच ठेवावे. ज्ञानी लोक बाळ येशूच्या भेटीला आले त्याची आठवण करणारा प्रकटीकरणाचा सण 6 जानेवारीला येतो, तोवर नाताळच चालू असतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना 28-29 ला बोलावले, तरी सण हुकला असे होत नाही. फक्त चकल्यांचा एक डबा तेवढा लपवून ठेवावा लागतो.