उशीच्या अभ्र्यांचा तेलकट वास जात नसेल तर

सुती अभ्रे धुऊन स्वच्छ दिसायचे, पण डोकं टेकलं की ऊब लागून खवट तेलाचा वास. मधोमध पिवळट डागही. पावडर वाढवली, व्हिनेगर घातलं, फरक नाही. कंडिशनरने तर वास नुसता झाकला आणि कापडावर आणखी एक थर चढवला. वैताग नुसता!

शेवटी गेला तो असा. कोरड्या अभ्र्यावरच डागाच्या जागी भांड्यांचं लिक्विड चोळून पाव तास ठेवलं. आधी भिजवलं तर ते पातळ होतं. मग बादलीत १० लिटर गरम पाणी (६० अंशांच्या आसपास), त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवून अभ्रे तासभर बुडवले. खाण्याचा सोडा चालत नाही, तो फार सौम्य. हातमोजे घाला. पाणी चहासारखं झालं. ते ओतून, अभ्रे खळबळून फेस काढला आणि मशीनमध्ये ६० अंशांवर लावले: पावडर निम्मी, कंडिशनर बंद, एक जादा रिन्स. उलटे करून उन्हात वाळवले.

रेशमी अभ्र्यांना हे करू नका. रंगीत असतील तर आधी कोपरा भिजवून रंग जातो का पाहा.