बिल्डर घराण्यातली पुढची पिढी: पहिली तीन वर्षं कशी घालवावीत

मुलगा किंवा मुलगी घरच्या बांधकाम धंद्यात उतरली की केबिन आणि 'डायरेक्टर' छापलेलं कार्ड एकाच दिवशी हातात येतं. कार्ड छापा. केबिन मात्र दोन वर्षं बंद राहिलेली बरी.

पहिलं वर्ष साइटवर. एकच चालू इमारत धरायची आणि जोत्यापासून निदान चार स्लॅब पडेपर्यंत रोज मुकादमाच्या आधी पोचायचं. वाळूची गाडी आली की लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्यायची, गुणाकाराला 100 ने भागलं की ब्रास (100 घनफुटांचं माप) निघतात. माल मधे उंच आणि कडेला खोल असतो, म्हणून उंची चार कोपऱ्यांत आणि मधे मोजून सरासरी काढावी. सळईचं दर मीटरचं वजन म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162. 12 मिमीची सळई साधारण 0.89 किलो भरते. हिशोब काट्याच्या पावतीशी जुळत नसेल तर गाडी रिकामी होण्याआधी बोला, नंतर कोणी ऐकत नाही.

स्लॅबच्या दिवशी काँक्रीटची ताकद तपासायला त्याचे 150 मिमीचे क्यूब भरून घ्यायचे, तपासणी 7 आणि 28 दिवसांनी. साध्या सिमेंटच्या स्लॅबचे टेकू 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) 7 दिवस, त्यापुढे 14 दिवस हलवत नाहीत. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल तर आणखी थांबावं लागतं. घाई सेंटरिंगवाल्याची (साचा आणि टेकू लावणाऱ्याची) असते, कारण त्याला त्याच प्लेटा दुसऱ्या साइटवर लावायच्या असतात.

दुसरं वर्ष कागदांचं, आणि खरा धंदा इथेच कळतो. वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या तपासणीचा अहवाल) येईलच, पण 7/12 वरचा प्रत्येक फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) स्वतः काढून किमान 30 वर्षं मागे वाचत जा. आधी 'इतर हक्क' पाहायचे: बोजा, कूळ, नवीन शर्त. कूळ कायद्याचं कलम 43 किंवा भोगवटादार वर्ग 2 दिसला, म्हणजे जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नसेल, तर परवानगी आणि नजराण्याचा (सरकारला भरायच्या रकमेचा) हिशोब लागेपर्यंत मोठं बयाणं देऊ नये.

सगळ्यात जास्त व्यवहार अडकतात ते वारस नोंदीत. जुन्या फेरफारात भावांची नावं लागलेली असतात, बहिणींची नसतात. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. 'बहिणी सही देतील' यावर विसंबू नका. नोंदणीकृत हक्कसोड पत्र मागा किंवा त्यांना खरेदीखतात घ्या. पैसे देण्याआधी सरकारी मोजणीही करून घ्यावी. नाल्यात आणि रस्त्यात गेलेले गुंठे कागदावर दिसत नाहीत.

तिसऱ्या वर्षी पैशाकडे वळावं. जमीन 500 चौ.मी. पेक्षा मोठी आणि सदनिका 8 हून जास्त असतील तर महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा चालत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतला 70 टक्के भाग त्याच प्रकल्पाच्या जमिनीला आणि बांधकामाला, आणि तो काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे दाखले लागतात. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही. एका स्कीमच्या बुकिंगच्या पैशावर दुसरी जमीन घ्यायची जुनी सवय थोरल्यांना सुटत नाही. तिथे वाद न घालता दर महिन्याला प्रकल्पवार रोखीचा तक्ता समोर ठेवावा.

आता घरातलं. भागीदारी पत्रात वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदार वारताच फर्म विसर्जित होते, आणि भागीदार दोनच असतील तर तसं कलम असूनही फर्म उरत नाही. म्हणून वडील-काका धडधाकट असतानाच तिसरा भागीदार घ्या किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) करा. मात्र चालू प्रकल्पातले बहुसंख्य हक्क दुसऱ्या संस्थेकडे द्यायचे तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती आणि महारेराची मंजुरी लागते, त्यामुळे हा बदल दोन प्रकल्पांच्या मधल्या काळात करावा. कोणाची सही किती रकमेपर्यंत, जमीन घ्यायला किती जणांचा होकार, कोणाला किती पगार, हे सगळं लेखी असावं. चुलतभावांत बिनसतं ते बहुतेकदा पगार आणि खर्चाच्या उचलीवरून.

आणि बँकेच्या कागदांवर सही करताना वैयक्तिक हमीचं पान नीट वाचा: नव्या डायरेक्टरची हमी जुन्या कर्जालाही लावून घेतात.