घरच्या घरी मुलांचं पुस्तक : आधी घडी, मग गोष्ट

लहान मुलांचं पुस्तक घरी करायचं म्हटलं की सगळे वही घेऊन गोष्ट लिहायला बसतात आणि तिथेच अडकतात. गोष्ट नंतर हो. आधी चार पाठकोरे ए४ कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा, झाली १६ पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. कोपऱ्यात पेन्सिलने १ ते १६ आकडे टाका. पहिलं पान नावाचं, सोळावं शेवटाचं, मधे समोरासमोरच्या पानांच्या ७ जोड्या उरतात, तर गोष्ट त्या सातांत बसली पाहिजे. नसेल बसत तर गोष्ट कापा, पानं वाढवू नका.

आणि खरी गंमत पान उलटण्यात असते. भाचीसाठी केलेल्या पुस्तकात माझी बकरी एसटीने बाजाराला निघते. उजव्या पानावर वाक्य आहे, "आजींनी कोथिंबिरीची जुडी सीटखाली ठेवली आणि..." बस, तिथेच तोडायचं. पान उलटलं की जुडीचा नुसता दोरा पडलाय आणि बकरी खिडकीबाहेर बघतेय. जुडी बकरीने खाल्ली हे कुठेही लिहिलेलं नाही, चित्रात दिसतंय ते परत शब्दात सांगायचं नाही. मग एका काकूंचा गजरा जातो, मग कंडक्टरच्या मशीनमधून निघालेली तिकिटांची अख्खी पट्टी. चिऊकाऊच्या गोष्टीत काऊ परत परत दार वाजवतो ना, तसं तेच तेच घडू द्या, म्हणजे पोरं पुढचं आधीच ओरडून सांगतात. प्रत्येक जोडीला दोन वाक्यं खूप झाली. आणि डमी एकदा मोठ्याने वाचून बघा, जीभ अडखळली की ते वाक्य बदला.

आता कागद. साधा झेरॉक्सचा कागद नको, रंग मागे दिसतो. कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाडसर कागद) घ्या, १४०-१५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), मोठी शीट आणून घरी ए४ आकारात कापा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटला कागद-पुठ्ठा सगळं एका फेरीत मिळतं. कापण्याआधी शीट हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, एका बाजूने ती सहज वळते, दुसऱ्या बाजूने अडते. सहज वळते ती घडी पुस्तकाच्या कण्याला यायला हवी, नाहीतर पुस्तक नीट मिटत नाही आणि कायम तोंड उघडं ठेवून बसतं. तयार ए४ मधे बऱ्याचदा नेमकं उलटं असतं म्हणून मोठी शीट बरी.

चित्रं शिवण्याआधी काढायची, सुट्या कागदांवर, आणि इथे डोकं शांत ठेवा कारण पान २ आणि पान १५ एकाच कागदावर येतात. डमी समोर उघडी ठेवूनच काम करा. पूर्ण सलग कागद फक्त मधल्या जोडीला मिळतो, पान ८-९ ला, बाकी सगळीकडे डावं-उजवं पान वेगवेगळ्या कागदावर असतं आणि चित्र मधे हमखास एक-दोन मिलिमीटर सरकतं. म्हणून सगळ्यात मोठं चित्र ८-९ वर टाका (माझी अख्खी एसटी तिथे आहे), आणि बाकी ठिकाणी कुणाचं तोंड घडीवर येऊ देऊ नका.

रंगांचं म्हणाल तर रंगीत पेन्सिली सगळ्यात सुखाच्या. तेलकट खडू समोरच्या पानाला लागतात, पोस्टर कलर जाड लावला तर घडीवर तडकतो, वॉटरकलरने हा कागद लाटा मारतो. चिकटचित्र करायचं असेल तर जुन्या लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं यांच्यासारखा कागद विकत मिळणार नाही, फक्त थर पातळ ठेवा नाहीतर पुस्तक फुगतं.

अक्षरं हाताने काढा, फॉन्टपेक्षा छान दिसतात. पेन्सिलने रेघा आखा, अक्षर निदान ६ मिलिमीटर उंच, आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडा कारण वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, ते एकमेकांत अडकले की नव्याने वाचणारं मूल गोंधळतं. पाकळीचा ल आणि देठाचा श (मराठी वळणाचे, हिंदीतले नाही) काढा, शासनाने मराठीसाठी तेच ठरवलेत आणि शाळेतही तेच शिकवतात. कडेपासून १ सेंटिमीटर आत सगळं राहू द्या.

आता शिवण. चार कागदांच्या बाहेरून एक रंगीत जाड कागद घाला, हे अस्तर. घडीवर तीन भोकं पाडा, एक मधे, दोन टोकांपासून ३-४ सेंटिमीटरवर. गोधडीचा दोरा मेणबत्तीवर घासून घ्या, लांबी कण्याच्या अडीचपट. मधल्या भोकातून बाहेरून आत या, वरच्यातून बाहेर, बाहेरूनच लांब टाका टाकत खालच्यात आत, परत मधल्यातून बाहेर. दोन्ही टोकं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन घट्ट गाठ. गाठ बाहेर राहिली की कव्हरखाली लपते. मधली पानं थोडी पुढे आलेली दिसतील, स्टीलची पट्टी आणि कटरने कड सारखी करून घ्या.

कव्हरला २ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा, ए५ पुस्तकाला (ए४ मधोमध दुमडून होतं ते) १४.५ बाय २१.६ सेंटिमीटरचे दोन तुकडे. मधे साधारण १ सेंटिमीटर फट ठेवून ते कापडावर चिकटवा, कापड चारी बाजूंनी २ सेंटिमीटर जास्त. खण फार देखणा दिसतो पण फेविकॉल आरपार येऊन डाग पडतात, म्हणून कापडाला मागून आधी पातळ कागद चिकटवून वाळवून घ्या. कोपरे तिरके कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून ४ मिलिमीटर कापड सोडा, अगदी टोकाला कापलं तर पुठ्ठा उघडा पडतो. मग अस्तराला पातळ फेविकॉल लावून पुस्तक आत बसवा, अस्तराच्या आत प्लॅस्टिकचा कागद सरकवा आणि रात्रभर पाट्याखाली किंवा तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवा. पावसाळ्यात दोन दिवस. मैद्याची खळ कागदाला मस्त बसते पण कसर आणि झुरळं लागतात, त्यात कोकणात राहत असाल तर बुरशी पण, तिथे फेविकॉलच बरा.

पान फाटणारच. सेलोटेप लावू नका, पिवळी पडते आणि चिकट डाग सोडते. पतंगाच्या पांढऱ्या कागदाची पट्टी हाताने फाडा, पातळ खळीने चिकटवा आणि वरून वजन ठेवा.