छोट्या बेटावरच्या तरुणांचा सर्व्हे कसा करायचा (घारापुरीचं उदाहरण घेऊन)

समाजकार्याचा प्रोजेक्ट असो, भूगोलाचा असो की ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, बेटावरच्या पोरापोरींचा सर्व्हे इतर गावांसारखा केला तर आकडे फसतात, कारण इथे कोण राहतं, कोण शिकतं, कोण कुठे कामाला जातं हे सगळं लाँचच्या टायमिंगवर ठरतं. मी घारापुरी धरून सांगतेय, पण पद्धत कुठल्याही लहान बेटाला चालेल.

घारापुरी म्हणजे एलिफंटा लेण्यांचं बेट. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून साधारण १० किमी, पण तालुका उरण आणि जिल्हा रायगड, त्यामुळे मुंबईच्या आकडेवारीत शोधत बसू नका, सापडणार नाही. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं, वस्ती हजार-बाराशेच्या आसपास. आणि हो, बेटावरचं मोराबंदर वेगळं आणि उरणचं मोरा वेगळं, फॉर्म भरताना हा घोळ हमखास होतो.

आधी वय ठरवा. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९ धरलंय, संयुक्त राष्ट्रं १५ ते २४ धरतात. मी म्हणेन १५ ते २९ घ्या, कारण नोकरी, लग्न, वेगळं घर हे सगळे प्रश्न पंचविशीच्या पुढेच अंगावर येतात आणि २४ ला थांबलात तर तीच माणसं बाहेर राहतात. वय विचारू नका, जन्मसाल विचारा.

आता यादी. २०११ च्या जनगणनेत गावपातळीवर एकूण लोकसंख्या, स्त्री-पुरुष, ०-६ वयाची मुलं, साक्षर, काम करणारे एवढं मिळतं, १५-२९ असा गट गावागणिक मिळत नाही, आणि पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस (ज्या दिवसाची लोकसंख्या धरतात तो) १ मार्च २०२७ आहे. म्हणजे यादी आपणच बनवायची. १८ च्या वरच्यांसाठी मतदार यादी घ्या, त्यात वय असतं, १५ ते १७ साठी शाळेच्या रजिस्टरवरून सुरुवात करा, आणि मग ती यादी घेऊन अंगणवाडी सेविका आणि आशाताईंसोबत बसा. या बायकांना घरन् घर पाठ असतं. एकेक नाव वाचायचं आणि त्या सांगतात, ही लग्न होऊन पलीकडे गेली, हा उरणला खोली घेऊन राहतो, शनिवारी येतो, ही नर्सिंगला हॉस्टेलवर आहे. मतदार यादीत नाव आहे पण माणूस बेटावर नाही, हा जो फरक निघतो ना तोच तुमच्या सर्व्हेतला सगळ्यात मोलाचा आकडा आहे, त्याला चूक समजून खोडू नका. रोज बेटावर झोपणारे, आठवड्याने येणारे, फक्त सणाला आणि पालखीला येणारे, असे तीन कॉलम करा.

सॅम्पल वगैरे घेऊ नका. एवढ्याशा वस्तीत प्रत्येकाला भेटता येतं, थोडा वेळ जास्त लागेल, लागू दे.

कधी जायचं? लेणी सोमवारी बंद असतात, बाकीच्या दिवशी जेट्टीपासून वर पायऱ्यांपर्यंत स्टॉल लावलेले असतात आणि गिऱ्हाईक सोडून तुमच्याशी बोलायला कोणाला वेळ नसतो, आणि अशा वेळी प्रश्न विचारणं हा त्यांच्या पोटावर पायच आहे. म्हणून सोमवार धरा, पण त्या दिवशी गेटवेच्या पर्यटक लाँचवर विसंबू नका, गावकऱ्यांची बोट कुठून, किती वाजता सुटते ते सरपंचांना किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक) आधी फोन करून विचारा आणि परतीची वेळही त्याच फोनवर पक्की करा. एक फेरी पावसाळ्यात पण करायची. समुद्र खवळला की लाँच बंद, पर्यटक नाहीत, धंदा नाही, कॉलेजचं लेक्चर बुडतं, हे मे महिन्यात जाऊन कधीच दिसणार नाही.

कामाचा प्रश्न नीट विचारा. जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असेल तर मुख्य कामगार, कमी असेल तर सीमांतिक. आता स्टॉलवर बसणारा पोरगा सीझनला स्टॉल, मध्ये मासेमारी, पावसात काहीच नाही, तो 'काय करतोस' म्हटल्यावर 'धंदा' म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा बारा महिन्यांचा तक्ता समोर ठेवा आणि महिन्या-महिन्याला काय काम असतं ते त्याच्याकडूनच भरून घ्या. मुलींना तर हे जास्तच विचारायला हवं, आईच्या स्टॉलवर दिवसभर उभी असते, शिवाय पाणी भरते, आणि फॉर्मवर घरचे सांगतात 'घरीच असते'. शक्यतो मुलींशी मुलींनीच बोला आणि घरच्यांच्या घोळक्यात नको.

राहणीमानात वीज, पाणी, नेटवर्क, संडास 'आहे का' असं विचारून भागत नाही. घारापुरीत समुद्राखालून टाकलेल्या केबलची वीज फेब्रुवारी २०१८ मध्ये आली, त्याआधी संध्याकाळी तीनेक तास जनरेटर. म्हणजे तुमच्याच १५-२९ गटात दोन पिढ्या आहेत, ज्यांची दहावी २०१८ च्या आधी झाली ते आणि नंतरचे. त्यांची उत्तरं वेगवेगळी मांडा, शिक्षण कुठे आणि का सुटलं हे तिथेच कळतं. पाण्याचं कुठल्या महिन्यात हाल होतात, रात्री दोनला कोणाच्या पोटात दुखलं तर कोणाची बोट काढतात आणि पैसे कोण देतं, हे विचाराच. घराचंही विचारा, कारण लेण्यांसारख्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते, तर लग्न ठरलेल्या पोराला वेगळी खोली बांधता येते का हा फार खरा प्रश्न आहे.

लिहिताना टक्केवारी टाळा. चाळीस मुलींमधल्या दोघी शिकायला बाहेर गेल्या तर ५ टक्के होतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं केवढा बदल झाला. सरळ 'चाळीसपैकी दोन' लिहा. नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असंही समजू नका, 'राजबंदर, वय २१, नर्सिंग' एवढं लिहिलं की सगळ्या बेटाला कळतं कोण ते. गाव, वय आणि शिक्षण एकाच ओळीत छापू नका, पाचपेक्षा कमी माणसांचा गट असेल तर दुसऱ्या गटात मिसळा.

रिपोर्ट कॉलेजात जमा करायच्या आधी मराठीत दोन पानं काढून ग्रामसभेत वाचा, १ मे किंवा १५ ऑगस्टची गाठा, आणि पोरापोरींना मुद्दाम बोलवा, चुकलेलं तेच दुरुस्त करतील. प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, लाँचच्या वेळा बदलून घ्यायला अर्ज करायचा असेल तर त्यांना हाच कागद जोडता येईल.