कोल्हापुरी चपलांच्या ऑर्डरी मोबाइलवर घेताना

कोल्हापुरी बनवणाऱ्या घरगुती कारखान्याने आधी वेबसाइटच्या मागे लागू नये. माप, फोटो आणि ऑर्डरींची नोंद मोबाइलवर नीट बसवावी. नफा खातो तो परत आलेला जोड, आणि तो बहुतेकदा मापावरूनच परत येतो.

गिऱ्हाइकाला नुसता नंबर विचारू नका. इंग्लिश पद्धतीत दोन नंबरांमधलं अंतर ८.४७ मिमी, युरोपियन पद्धतीत ६.६७ मिमी, ‘मला ४० लागतो’ यावरून इंग्लिश ६ की ७ हे अंदाजाने ठरवलं की चूक होते. पायाचा आराखडाच मागवा. संध्याकाळी, कागदावर उभं राहून, पेन्सिल अगदी सरळ धरून दोन्ही पायांचा. बसून काढला तर पाय आखूड भरतो. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मिमीत मोजावं, मोठा पाय धरावा. चवड्याचा घेरही टेपने घ्यायला सांगा: लांबी जुळूनही पट्टा आवळला, तर कानाच्या, म्हणजे चपलेच्या बाजूच्या चामडी पाकळीच्या, शिवणीवर ताण येतो. कागदाचा फोटो पाठवताना शेजारी मोजपट्टी हवीच, नाहीतर त्यावरून माप काढता येत नाही.

फोटो तेल दिल्यानंतरच काढा. तेलाने चामडं गडद होतं आणि आधीचा फोटो खोटा ठरतो. दिवसाउजेडी, सावलीत, फिल्टर न लावता: वरून, बाजूने, तळ आणि वेणी (वरची विणलेली चामडी पट्टी) जवळून. वनस्पतीजन्य कमावणीच्या चामड्यात रंगाचा थोडा फरक राहतोच, हे आधीच लिहा.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक गुगल शीटमध्ये. रकाने: तारीख, नमुना, माप, रंग, आगाऊ, बाकी, काम कोणाकडे, द्यायची तारीख. ‘काम कोणाकडे’ हा रकाना सोडू नका. वेणी एका घरी, शिलाई दुसऱ्या घरी असली की जोड तिथेच अडकतात. टायपिंग जमत नसेल तर कीबोर्डचा माइक दाबून मराठीत बोला.

पैसे आल्याची खात्री स्क्रीनशॉटवरून नको, बँकेच्या ॲपमध्ये करा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर मोफत होते. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. ते चिन्ह कॅटलॉगवर टाकायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते.

पावसाळ्यात जोड पूर्ण सुकल्याशिवाय प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, वाटेतच बुरशी धरते. आधी कागदात गुंडाळा, मग खोक्यात, आणि प्लॅस्टिक फक्त खोक्याच्या बाहेरून.