आधी नकाशा उघडा

जुन्या प्रवासवर्णनाची प्रत हातात आली की बहुतेक जण नावपान बघतात, साल वाचतात आणि पाकीट काढतात. तुम्ही मागून सुरुवात करा. माझी नोकरी भूमी अभिलेखातली, मोजणीदाराची, त्यामुळे ही माझी खोडच म्हणा. पण दक्षिण आफ्रिकेत फिरलेल्या मिशनऱ्यांच्या पुस्तकांत निम्मा जीव नकाशात असतो, आणि प्रतीतून सगळ्यात आधी नाहीसा होतो तोही नकाशाच.

डेव्हिड लिव्हिंगस्टनचं ‘मिशनरी ट्रॅव्हल्स अँड रिसर्चेस इन साउथ आफ्रिका’ घ्या. लंडनच्या जॉन मरेने नोव्हेंबर १८५७मध्ये काढलेलं, किंमत एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. पहिल्या १२,००० प्रती बाजारात येण्याआधीच नोंदवल्या गेल्या होत्या. तेव्हा ‘साहेब, दुर्मिळ आहे’ असं कुणी म्हणालं तर हसून घ्या. पुस्तक दुर्मिळ नाही, पूर्ण प्रत दुर्मिळ आहे. अ‍ॅरोस्मिथने काढलेले दोन घडीचे नकाशे असायला हवेत. त्यातला मोठा मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात ठेवलेला असतो. खिसा रिकामा असेल तर निम्म्या किमतीच्या वर बोलूच नका. लिव्हिंगस्टन सेक्स्टंटने, म्हणजे सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजायच्या यंत्राने, निरीक्षणं घ्यायचा आणि केपच्या वेधशाळेत थॉमस मॅक्लियर ती तपासायचा. हिवतापाने फणफणलेला माणूस नदीकाठी बसून रेखांश काढतोय, हे ज्याने उन्हात टेबल लावून मोजणी केलीय त्यालाच नीट कळेल.

नकाशा हवेत धरून उलगडू नका. टेबलावर ठेवा, एकेक घडी सोडा. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे बारीक भोकं पडलेली असतात, ती चालतात. मागून जुनं कापड लावलेलं असेल तर तेही चालतं. पारदर्शक चिकटपट्टी मात्र चालत नाही. ती पिवळी पडते, तिचा गोंद कागदात मुरतो आणि काढायला गेलं की शाई सोलून येते. मग सुरुवातीचं व्हिक्टोरिया धबधब्याचं चित्र बघा. काही प्रतींत ते शिळाछाप, रंगछटांचं आहे. काहींत लाकडी ठशावरून छापलेलं. संग्राहक पहिल्या प्रकारामागे असतात.

रॉबर्ट मोफॅटच्या १८४२च्या ‘मिशनरी लेबर्स अँड सीन्स इन सदर्न आफ्रिका’मध्ये नावपानासमोर जॉर्ज बॅक्स्टरच्या पद्धतीने, म्हणजे तेलाच्या शाईत एकावर एक ठसे उमटवून, छापलेलं रंगीत चित्र असतं. बॅक्स्टरच्या छपाईचे शौकीन वेगळे आहेत, त्यामुळे ते पान जागेवर आहे ना, आधी पाहा. शिवणीजवळ बोट फिरवा, कापलेल्या पानाची कड हाताला लागते. नावपानावर ‘इतक्या हजारावी प्रत’ अशा अर्थाचं काही छापलेलं असेल तर छपाई नंतरची, हे धरून चाला.

जॉन कॅम्पबेलच्या दुसऱ्या प्रवासाचं पुस्तक (१८२२) आणि जॉन फिलिपचं ‘रिसर्चेस इन साउथ आफ्रिका’ (१८२८), दोन्ही दोन-दोन खंडांची. एकच खंड मिळाला तर ‘दुसरा मिळेल कधीतरी’ या आशेवर घेऊ नका. मिळत नाही. मिळाला तरी बांधणी जुळत नाही.

पुण्यात हे सगळं मिळतं का? क्वचित. अप्पा बळवंत चौक पाठ्यपुस्तकांसाठी उत्तम, यासाठी नाही. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर जा. कॅम्पातलं एखादं जुनं घर रिकामं झालं की पेटीच्या तळाशी असलं काही निघू शकतं. ग्रंथालयाचा शिक्का दिसला आणि त्यावर ‘रद्द’चा शिक्का नसला, तर कितीही स्वस्त असो, खाली ठेवा. बाकी खरेदी लंडन नाहीतर केपटाउनच्या दुकानदारांकडून, टपालाने. पैसे पाठवण्याआधी उलगडलेल्या नकाशाचा, शिवणीचा आणि पाठीचा फोटो मागा. फोटो द्यायला खळखळ करणाऱ्याकडून घेऊ नये. इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर स्कॅन असेल तर चित्रांची यादी काढून एकेक टिक करत जा. सिडनी मेंडेलसनची दक्षिण आफ्रिकेवरच्या पुस्तकांची दोन खंडांची १९१०ची ग्रंथसूचीही तिथे चाळा. कोणत्या पुस्तकात काय काय असायला हवं ते बरंच कळतं.

मराठी माणसाने एक कप्पा वेगळा ठेवावा, असं माझं मत. लिव्हिंगस्टन १८६४मध्ये स्वतःची ‘लेडी न्यासा’ ही छोटी आगबोट हाकत झांझिबारहून मुंबईला आला. चुमा आणि विकाटानी या दोन आफ्रिकी मुलांना त्याने मुंबईतले मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. पुढच्या सफरीत नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमधली आफ्रिकी मुलं सोबत गेली. तिथलाच जेकब वेनराइट नंतर सामील झाला, आणि १८७४मध्ये लिव्हिंगस्टनच्या शवपेटीबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेपर्यंत पोचला. होरेस वॉलरने संपादलेल्या लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या रोजनिशांचे, ‘लास्ट जर्नल्स’चे, दोन खंड (१८७४) यासाठी घ्या. शेल्फावर नाशिकचा धागा असलेलं हे पुस्तक नसेल, तर बाकीचा संग्रह लंडनच्या एखाद्या क्लबातून उचलून आणल्यासारखा वाटतो.

आता जपणूक. जून ते सप्टेंबर नकाशे उलगडूच नका, दमट हवेत कागद ओल धरतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा, कोरड्या दिवशी दारं उघडी टाका. कसर आधी पाठीच्या खळीवर येते, तेव्हा महिन्याकाठी पाठ बघायची.

बाइंडरकडे जाणार असाल तर समोर बसून राहा. आपला बाइंडर सवयीने तिन्ही बाजूंना कटिंग मारतो आणि वर रेक्झिन चढवतो; काम झकास दिसतं आणि पुस्तकाची किंमत तिथल्या तिथे उतरते. त्याला सांगायचं ते इतकंच: कटिंग नाही, फेव्हिकॉल नाही, गव्हाची खळ वापरायची, जुना पुठ्ठा फेकायचा नाही. तो कुरकुर करेल, वर दोन पैसे जास्त मागेल. द्या.