कामाच्या धावपळीत कमी खर्चात घर कसं सजवायचं

आपल्यासारख्या चित्रकारांना चित्रं, ऑर्डरी, डेडलाइन यात घराकडे बघायला वेळच होत नाही, मान्य, पण म्हणून एका सुट्टीत सगळं घर करायला जाऊच नका, एकच भिंत निवडा, दारातून आत आल्यावर पहिली दिसते ती. तिथे स्वतःचीच कामं लावा, अर्धवट राहिलेली स्केचेस पण चालतात, खरंच छान दिसतात. आधी फ्रेमच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून टेपने भिंतीवर चिकटवा, दोन दिवस तसेच राहू द्या, येता-जाता बघा आणि मगच खिळा ठोका. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटीमीटरवर आला की नजरेला बरोबर बसतं. वॉटरकलर मात्र थेट उन्हात नको, रंग उडतात, आणि काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. जुन्या वेगवेगळ्या फ्रेम घासून एकाच रंगात रंगवल्या की सेट वाटतो.

माझ्या मते कमी पैशात जास्त फरक पडतो तो लाइटने. बसायच्या जागी 2700 केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या छटेचं माप) पिवळसर बल्ब, रंगकामाच्या टेबलावर 5000 च्या आसपासचा पांढरा, सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 च्या वर असलेला, नाहीतर रंग वेगळेच दिसतात. पडदे, कुशन नंतर सावकाश बघा.